तीन दिवसांचं मैदान

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. संध्याकाळचे पाच वाजलेले. नांदुरा तालुक्यातल्या एका गावाबाहेर, सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या वावरात चार पोरं दोरी ताणून उभी होती. एकाच्या हातात टेप, दुसऱ्याजवळ फक्कीची बादली. १३ मीटर लांबी मोजून झाली, १० मीटर रुंदी मोजून झाली, चारही कोपऱ्यांवर खिळे ठोकून झाले. तरी फक्की काही पडेना. त्यांच्यातला जरा मोठा, एरवी गवंड्याच्या हाताखाली काम करणारा, म्हणाला, "थांबा बे, गुण्यात हाय का नाही ते पाहू द्या आधी." त्याने टेपचं टोक एका खिळ्यावर दाबलं आणि टेप तिरपी ओढत समोरच्या कोपऱ्यावर नेली. १६ मीटर २० सेंटिमीटर. मग दुसरा तिरपा मोजला. १६ मीटर ६० सेंटिमीटर. त्याने मान हलवली. एका बाजूचे दोन्ही खिळे उपटून वीतभर सरकवले आणि पुन्हा टेप धरली. दोन्ही तिरपे १६ मीटर ४० सेंटिमीटरवर आले, तेव्हा तो म्हणाला, "हं, मार आता फक्की."

१३ चा वर्ग १६९, १० चा वर्ग १००, बेरीज २६९ आणि तिचं वर्गमूळ १६.४०. शाळेत आपण जे प्रमेय पायथागोरसच्या नावाने पाठ केलं, ते त्या संध्याकाळी मी वावरात आखलं जाताना पाहिलं. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे, म्हणजे चारही कोपरे काटकोनात. घरांचे पाये आखता आखता हे त्या पोराच्या हाताला कळलं होतं.

मी कबड्डी खेळत नाही. माझं घर त्या गावापासून बरंच लांब, घाटावर. खेळणाऱ्या एकाही संघात माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. मंडपात खुर्च्या लावणाऱ्या एका काकांनी विचारलं, "कोनाच्या इकडले तुम्ही?" म्हटलं, "कोणाच्याच नाही, सामने पाहाले आलो." "बाप्पा! एवढ्या दुरून?" एवढं बोलून ते गेले आणि चहा घेऊन परत आले. हा प्रश्न आणि हा चहा मला जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत मिळाला आहे. गेली काही वर्षं माझा हाच छंद आहे. कुठे सामने लागले असं कळलं, की एसटी धरायची, कधी न पाहिलेल्या मैदानावर जायचं, अनोळखी संघांचा खेळ पाहायचा आणि परत येऊन वहीत त्या मैदानाचं एक पान लिहायचं.

या छंदाला इंग्लंडमध्ये नाव आहे. तिथे अशा माणसांना ग्राउंडहॉपर म्हणतात, म्हणजे मैदानांमागून मैदानं पालथी घालणारे. इंग्लंडच्या फुटबॉलची उतरंड फार सुंदर आहे. सर्वांत वर प्रीमियर लीगचे २० संघ, त्याखाली तीन विभागांत ७२ संघ, असे मिळून ९२. या ९२ संघांच्या घरच्या मैदानांवर प्रत्येकी एक तरी सामना पाहिलेल्यांचा एक क्लब १९७८ पासून आहे. पण खऱ्या हौशी माणसाची भूक ९२ वर भागत नाही. त्याखाली पायरीपायरीने उतरत जाणारे हजारो संघ आहेत. त्या सगळ्यांना मिळून नॉन-लीग म्हणतात. तिथे खेळणारा आठवडाभर कुठे गवंडी असतो, कुठे शिक्षक, कुठे गोदामात कामाला. शनिवारी तो बूट बांधतो आणि मैदानाच्या कठड्याला रेलून शे-दोनशे माणसं त्याचा खेळ पाहतात.

या खालच्या पायऱ्यांवरच फुटबॉलचा सगळ्यात जुना इतिहास जिवंत आहे, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब मानला जाणारा शेफील्ड एफसी १८५७ मध्ये निघाला आणि आजही तो नॉन-लीगमध्येच खेळतो. त्याच शहरात सँडीगेट नावाचं मैदान आहे. १८०४ साली ते क्रिकेटसाठी तयार झालं. २६ डिसेंबर १८६० रोजी तिथे हॅलम आणि शेफील्ड यांच्यात फुटबॉलचा सामना झाला. गिनेस बुकात जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून त्याची नोंद आहे. हॅलमचा संघ अजून तिथेच खेळतो. मैदान चक्क उताराचं आहे. एका अर्ध्यात संघ चढावर खेळतो, दुसऱ्या अर्ध्यात उतारावर. इतक्या वर्षांत ती जमीन कोणी सपाट केलेली नाही.

मैदानाची माती निकालात कसा हात घालते, याचं तिथलं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९७२ चं आहे. हेरफर्ड हा नॉन-लीगचा संघ एफए कपमध्ये पहिल्या श्रेणीतल्या न्यूकॅसलसमोर उभा होता. मैदानाचा पार चिखल झाला होता. त्या चिखलातून रॉनी रॅडफर्डने लांबून मारलेला गोल आजही इंग्लंडमध्ये दरवर्षी दाखवला जातो. हेरफर्डने तो सामना २–१ असा जिंकला. मोठ्या संघाचं कौशल्य चिखलात रुतलं आणि रोज त्याच चिखलात खेळणाऱ्यांना मात्र पाय कुठे टाकायचा ते ठाऊक होतं.

हे वाचलं आणि मला आपल्याकडच्या मैदानांकडे नव्याने पाहावंसं वाटलं. कुठल्या गावात कोणता खेळ रुजला, यामागे इतिहास असतो आणि त्या इतिहासाखाली माती असते. गोव्यात फुटबॉल १८८३ च्या सुमारास शिवोलीत फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांच्याबरोबर आला आणि पुढे गावोगावच्या चर्चच्या, शाळांच्या मैदानांवर वाढला. नागपूरजवळच्या कामठीत १८२१ पासून लष्कराची छावणी. गोरे सैनिक जिथे गेले तिथे चेंडू गेला, आणि कामठीने तो असा उचलला की तिथल्या रब्बानी क्लबचं नाव आजही विदर्भातल्या फुटबॉलमध्ये आदराने घेतात.

कोल्हापूरची गोष्ट तर याहून न्यारी. तिथे फुटबॉल आला तो थेट तालमीत. कुस्तीसाठी निघालेल्या पेठांच्या तालमींनीच संघ उभे केले, म्हणून तिथल्या संघांची नावं जगात दुसरीकडे सापडणार नाहीत अशी आहेत: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून हा डोलारा सांभाळते. शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ समोरासमोर आल्या, की शहराच्या गप्पांना दुसरा विषय उरत नाही. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पेठेच्या मैदानापासून विश्वचषकापर्यंत वाट जाते, हे त्या वर्षी सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

त्याच वर्षी, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारने एकाच दिवशी दहा लाख विद्यार्थ्यांना फुटबॉल खेळवण्याचा घाट घातला. शाळाशाळांतून चेंडू पोचले. कल्पना मोठी होती. पण सप्टेंबरातली आमच्याकडची जमीन तुम्ही पाहिली आहे का? खालच्या भागात काळ्या रानात पाय टाकला, की चप्पल तिथेच राहते आणि पाय वर येतो.

इथे आमच्या जिल्ह्याची रचना सांगायला हवी, कारण माझ्या छंदाचं सगळं सुख तिच्यात आहे. बुलढाणा जिल्ह्यात माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो "घाटावरचे की घाटाखालचे?" अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याला मधोमध दुभागते. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा वर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर खाली. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर आहे. राजूर घाट उतरून मोताळ्यामार्गे मलकापूरला पोचलात, की तुम्ही अडीचशे-पावणेतीनशे मीटरवर येता. तासाभराच्या प्रवासात हवा बदलते, बोलण्याचा हेल बदलतो आणि मैदानही बदलतं.

पाण्याची वाटणी तर याहून अद्भुत आहे. बुलढाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगा आग्नेयेकडे वाहते, वर्ध्याला आणि पुढे प्राणहितेतून गोदावरीला मिळते. तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. घाटाखालची पूर्णा पश्चिमेला वाहत तापीला मिळते; तिचं पाणी अरबी समुद्रात. म्हणजे एकाच ढगातली एक सर घाटमाथ्याच्या अलीकडे पडली की पूर्वेच्या समुद्राकडे निघते आणि पलीकडे पडली की पश्चिमेच्या. घाटावरच्या एखाद्या कबड्डीच्या मैदानावरून वाहून गेलेली धूळ आणि घाटाखालच्या मैदानावरून गेलेली धूळ देशाच्या दोन टोकांना पोचते.

माती दोन्हीकडे मुळात एकाच बसाल्टची, पण तिचं वागणं वेगळं. घाटावर कित्येक ठिकाणी मातीचा थर पातळ आहे आणि त्याखाली मुरूम लागतो. पाऊस पडला तरी पाणी झिरपून जातं आणि दोन दिवसांच्या उन्हानंतर मैदान पायाखाली येतं. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी, खोल, चिकण माती. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे एकावर एक बसलेले असतात. पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरतं आणि माती फुगते. पाणी गेलं की ती आकसते आणि जमिनीला भेगा पडतात. उन्हाळ्यात त्या भेगांत हात जातो. त्यातच खारपाणपट्टा. तिथे मातीत सोडियमचे क्षार जास्त, त्यामुळे ओली झाली की तिची छिद्रं बुजतात आणि पाणी खाली जात नाही, वरच तुंबून राहतं. अशा जमिनीवर फुटबॉलचं पूर्ण मैदान वर्षभर राखायचं म्हणजे मातीशी बारा महिने झगडा.

आता थोडा हिशेब करू. फुटबॉलचं आंतरराष्ट्रीय मापाचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे ७१४० चौरस मीटर. जवळजवळ पावणेदोन एकर. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३० चौरस मीटर. एका फुटबॉलच्या मैदानात कबड्डीची पन्नासहून जास्त मैदानं बसतात. १३० चौरस मीटर एवढीच माती तयार करायची, तर ती गाव दोन दिवसांत करतं. ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, रोटाव्हेटर मारायचा, चाळलेली माती पसरायची, आदल्या संध्याकाळी टँकरने शिंपण करायची आणि पहाटे रोलर फिरवायचा. पायाला बूट लागत नाही, खेळायला चेंडू लागत नाही. कामठीसारखी मोठी छावणी आमच्याकडे नव्हती, कोल्हापूरसारखा राजाश्रय नव्हता. काळी माती होती आणि पीक निघाल्यावरचे मोकळे दिवस होते. कबड्डी या मापात चपखल बसली.

आणि ती कुठवर गेली पाहा! आमच्याच विभागातल्या अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये सुरू झालं. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये, बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी, तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. वऱ्हाडच्या मातीत घुमणारा दम जर्मनीत घुमला. बंगालमध्ये ज्याला हाडुडू म्हणतात, तमिळनाडूत चेडुगुडू आणि आपण हुतूतू, त्या खेळाला देशभर एकाच नियमात बांधण्यासाठी शंकरराव तथा बुवा साळवी यांनी आयुष्य वेचलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला आणि २०१४ पासून प्रो कबड्डी घराघरांतल्या टीव्हीवर आली.

टीव्हीवर मीही पाहतो. पण मैदानाच्या दोरीला लागून बसल्याशिवाय कळत नाहीत अशा काही गोष्टी आहेत. त्यातली सर्वांत मोठी म्हणजे आवाज.

चढाई करणारा 'कबड्डी कबड्डी' का म्हणतो? लहानपणापासून पाहत आलो, म्हणून हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. मूळ अट अशी की चढाई एका श्वासात करायची. आता समोरच्याने चोरून श्वास घेतला की नाही, हे पंचाने ओळखायचं कसं? श्वास दिसत नाही. ज्याने कोणी पहिल्यांदा यावर तोड काढली, त्याच्या बुद्धीला मी मनोमन नमस्कार करतो. आपण बोलतो ते श्वास सोडताना. श्वास आत घेताना शब्द तुटतो. म्हणून जोवर शब्द अखंड चालू आहे, तोवर श्वास आत गेलेला नाही. यंत्र नाही, घड्याळ नाही. एका शब्दाच्या साखळीने न दिसणारी गोष्ट कानाला ऐकू येईल अशी करून टाकली. पुढे चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली, पण दम तुटला का हे ठरवायला पंच आजही कानच लावतो.

दोरीजवळ बसलं, की हा दम बदलत जातो ते ऐकू येतं. मध्यरेषा ओलांडताना तिन्ही अक्षरं मोकळी, खणखणीत असतात. दहा-बारा सेकंदांनी अक्षरं विरू लागतात. शेवटी ओठांवर नुसती 'ब्डी-ब्डी' अशी थरथर उरते. श्वास कोंडला की आधी प्राणवायू संपतो असं आपल्याला वाटतं. खरं तर रक्तात साठत जाणारा कार्बन डायऑक्साइड मेंदूला घाई करायला लावतो. ती घाई आवाजात उतरते. पकड करणारे जुने खेळाडू तिच्यावर कान ठेवून असतात. दम खाली आला, की चढाईपटू आता मागे वळणार हे ते ओळखतात आणि नेमक्या त्याच क्षणी कोपऱ्यातला गडी झडप घालतो. टीव्हीवर समालोचन, संगीत आणि गर्दीचा गलका यांच्यात हे सगळं बुडून जातं.

दुसरी गोष्ट अंतरांची. मध्यरेषेपासून मागच्या रेषेपर्यंत एका संघाच्या वाट्याला फक्त साडेसहा मीटर येतात. त्यात ३.७५ मीटरवर निदान रेषा. कोणाला स्पर्श झाला नसेल तर ती ओलांडल्याशिवाय परत येणारा चढाईपटू बाद. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील तर तिच्यापलीकडे एक पाय टेकवून दुसरा हवेत ठेवला की एक गुण. बोनस रेषेनंतर उरतात १.७५ मीटर, म्हणजे एका माणसाच्या उंचीएवढी जागा. चांगला चढाईपटू तेवढ्या जागेत दोन कोपऱ्यांच्या मधे शिरतो, पाय टेकवतो आणि पाठ न वळवता परत येतो. वावरात दोरीमागे बसलं, की तो पाय तुमच्यापासून हातभर अंतरावर टेकतो. अंगठा मातीत रुततो ते दिसतं. त्या अंगठ्यावरच सगळं शरीर थांबतं आणि उलटं फिरतं. काळ्या मातीत किंचित ओल असली की ती अंगठ्याला धरते. फार कोरडी असली की पाय सरकतो. संध्याकाळी शिंपण किती करायची, हे त्या पोरांना का नेमकं ठाऊक असावं लागतं, ते तिथे कळतं.

सगळा संघ बाद केला की दोन जादा गुण मिळतात. त्याला लोण म्हणतात. आट्यापाट्यांतही हाच शब्द आहे. मीठ या अर्थाचाही 'लोण' हा जुना शब्द, आणि खाऱ्या सरोवराचं आमचं लोणार लवणासुराची कथा सांगतं. घाटावर सरोवर खारं, घाटाखाली विहिरीचं पाणी खारं, आणि मैदानावर समालोचक ओरडतो, "लोण चढला!" तो शब्द माझ्या कानाला इथल्याच मातीतून निघाल्यासारखा लागतो.

त्या रात्री अंतिम सामना सुरू व्हायला अकरा वाजले. कापूस वेचून दमलेल्या बायका लेकरांना शालीत गुंडाळून बसल्या होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत शेजारच्या गावचे पन्नासेक जण उभे होते. खांबांवरच्या दिव्यांभोवती किडे घोंघावत होते. गुणफलक म्हणजे शाळेतला फळा, आणि त्यावर खडूने लिहिणारी सातवी-आठवीतली मुलगी. तिची नजर पंचाच्या बोटांवरून हलत नव्हती. सामना संपायला दोन मिनिटं असताना गुण होते २७–२७. शेवटच्या चढाईत यजमान गावचा पोरगा बोनस रेषेपर्यंत गेला, परत वळला आणि दोन जणांनी त्याचा घोटा धरला. तो पोटावर पडला, दम अजून चालू. हात मध्यरेषेपासून वीतभर लांब. सगळं वावर उभं राहिलं. तेवढ्यात दम तुटला आणि शिट्टी वाजली. फळ्यावर २८–२७ झालं. पाहुणा संघ जिंकला होता. क्षणभर शांतता पसरली आणि मग यजमान गावानेच पहिली टाळी वाजवली. ती टाळी माझ्या वहीत लिहिलेली आहे.

बक्षीस वाटताना समालोचकाने एकेक नाव घेतलं. पहिलं बक्षीस अमुक यांच्यातर्फे, चषक तमुक यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ, पाण्याचा टँकर, मंडप, जेवण, सगळ्यांची नावं. शेवटचं नाव वावराच्या मालकाचं. सोयाबीन निघाल्यावर त्या रानात हरभरा पेरायचा होता. जमिनीतली ओल उडायच्या आत पेरणी झाली तर पीक बरं येतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तरीही त्यांनी आठवडाभर पेरणी थांबवून रान पोरांना दिलं होतं. त्यांना नारळ आणि टोपी देऊन सत्कार झाला. ते माईकवर एकच वाक्य बोलले: "पोट्टे खेयले, लय बरं वाटलं."

इंग्लंडच्या छांदिष्टांपेक्षा माझा छंद इथे वेगळा होतो. सँडीगेट १८०४ पासून जागेवर आहे. या वर्षी जमलं नाही तर पुढच्या वर्षी जाता येईल. आमच्या गावांतली बहुतेक मैदानं तीन दिवस जगतात. शुक्रवारी आखली जातात, रविवारी रात्री दिवे मालवतात आणि सोमवारी तिथे तिफण चालते. पुढच्या वर्षी मैदान दुसऱ्या कुणाच्या वावरात असेल. पण गाव तेच, टेप तीच आणि कर्ण तेवढाच: १६ मीटर ४० सेंटिमीटर.

तुम्हालाही हा छंद लागावा असं मला मनापासून वाटतं. त्याला फार काही लागत नाही. पिकं घरात आली की एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, कृषी केंद्राच्या भिंतीवर 'भव्य कबड्डी सामने' अशी पत्रकं लागतात. त्यातलं सगळ्यात अनोळखी गाव निवडा. सामन्याच्या दोन तास आधी पोचा, म्हणजे फक्की पडताना पाहायला मिळेल. दोरीजवळ, मागच्या रेषेच्या बाजूला बसा. मुलींचा सामना असेल तर तो चुकवू नका. त्यांचं मैदान १२ मीटर बाय ८ मीटर असतं आणि कमी जागेमुळे चढाई आणखी चुरशीची होते. मूठभर माती हातात घेऊन चुरून पाहा, मुरूम आहे की काळी. एक वही ठेवा. गावाचं नाव, तारीख, मातीचा रंग आणि त्या दिवशी पाहिलेली एक गोष्ट, एवढं लिहिलं तरी पुरे. दहा पानं भरली की तुमचा तालुका तुम्हाला नव्याने दिसू लागेल.

दोन आठवड्यांनी मी त्याच रस्त्याने शेगावला चाललो होतो, तेव्हा मुद्दाम उतरून त्या वावरात गेलो. हरभऱ्याची कोवळी रोपं ओळीत उगवली होती. मध्यरेषा जिथे होती, तिथे मातीत फक्कीचे पांढुरके कण अजून दिसत होते आणि त्यांच्यातूनच दोन पानं वर आली होती. मैदान संपलं होतं. ज्यांना ते पाहायचं होतं, त्यांनी त्या तीन दिवसांतच यायला हवं होतं. पुढचं पत्रक दिसेल तेव्हा हे लक्षात ठेवा आणि निघा.